हळू वाजव, म्हणजे जलद येईल

आमच्या शेंदूरजनाघाटात ‘पेटी’ म्हटलं की आधी आठवते ती संत्र्याची पेटी. सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव; चहूकडे संत्र्याचे बगीचे. मला पेटी शिकवणारे मास्तर दिवसा संत्र्यांच्या लाकडी पेट्या ठोकायचे आणि संध्याकाळी दुसरी पेटी पुढ्यात घ्यायचे. भजनी मंडळात तेच वाजवायचे, आणि आसपासच्या उरुसात कव्वालीची पार्टी पेटीवाल्यावाचून अडली, तर बोलावणं त्यांनाच यायचं. ही १९८० नंतरची गोष्ट. मी तेव्हा शाळेत होतो.

मला मास्तरांकडून एकच गोष्ट हवी होती : जलद तान. पी. मधुकर, म्हणजे मधुकर पेडणेकर, यांच्या पेटीवादनाची एक तबकडी मास्तरांकडे होती. त्यातले सूर डाळिंबाच्या दाण्यांसारखे सुटे सुटे. पहिल्याच दिवशी मी तशी बोटं फिरवायला गेलो. मास्तर म्हणाले, “पोट्ट्या, घाई कायले करतं? सूर का पयून चालले? हळू वाजव. हळू आलं त जलद आपोआप येते.” पुढचे दोन महिने ‘सारेग, रेगम, गमप’ हा एकच पलटा, तोही बैलगाडीच्या चालीनं. मला ती शिक्षा वाटली.

त्या शिक्षेचा अर्थ कळला तो बऱ्याच वर्षांनी, बी. ए. करताना. एका मित्राच्या खोलीवर पाश्चात्त्य पियानोची कॅसेट ऐकली. दोन मिनिटांची रचना. वळवाचा पाऊस टिनावर कोसळावा तशी आली आणि गेली. ती फ्रेदरिक शोपँची होती : त्याच्या ओपस १० या संचातला चौथा अभ्यास. त्यानं स्वतः लिहून ठेवलेली लय धरली, तर सेकंदाला अकरा-बारा सूर पडतात. गंमत अशी, की तिचा षड्ज आपल्या पेटीवरच्या ‘काळी एक’चा. महाराष्ट्रातले कितीतरी गायक गातात तीच ही पट्टी.

शोपँचा जन्म १८१० चा, पोलंडमधला. १८३१ मध्ये तो पॅरिसला आला. पियानो तेव्हा बदलत होता. सेबास्तियाँ एरार या कारागिरानं १८२१ मध्ये अशी यंत्ररचना पुढे आणली, की पट्टी पुरती वर येण्याआधीच तोच सूर पुन्हा वाजवता यावा. वाद्य वेगवान झालं, तसे हातही वेगवान करणं आलं. बोटांच्या कसरतींची पुस्तकं निघू लागली. व्हिएन्नाच्या कार्ल चेर्नीनं तर असे ढिगानं धडे लिहिले. अशा धड्याला फ्रेंचमध्ये ‘एत्यूद’ म्हणतात, म्हणजे साधा ‘अभ्यास’.

शोपँनं १८३३ मध्ये असे बारा अभ्यास छापले आणि ते आपला मित्र फ्रांत्स लिस्ट याला अर्पण केले. प्रत्येकात बोटांची एकेक अडचण पकडलेली आहे. पण ऐकणाऱ्याला अडचण ऐकू येत नाही, संगीत ऐकू येतं. जे बंद खोलीत घोकायचं, ते मैफलीत मांडण्याच्या योग्यतेचं झालं. वृत्ताची घोटाई करता करता कविताच व्हावी, असं हे आहे.

चौथा अभ्यास शिकायचा म्हणजे काय? धावती ओळ आधी उजव्या हातात असते, मग तीच डाव्या हातात जाते. दोन हातांचा सवाल-जबाबच. शिकणारा आधी दोन्ही हात वेगळे बसवतो. मूळ लयीच्या चौथाईनं, चार-चार सुरांचे तुकडे पाडून, कोणत्या सुराला कोणतं बोट हे कागदावर लिहून. मग तोच तुकडा लांब-आखूड, लांब-आखूड अशा झोल्यात. मग तुकड्याला तुकडा जोडायचा. ताकद लावून लय वाढवली की मनगट आखडतं आणि पानभरातच हात दगड होतो. सैल हात आणि नेमकी बोटं, हीच त्याची किल्ली.

शोपँनं शिकवण्याची एक पद्धत लिहायला घेतली होती, ती अपुरी राहिली. तिच्या टिपणांत एक मोलाची गोष्ट आहे. इतर शिक्षक पाचही बोटं सारख्या ताकदीची करायला धडपडत. शोपँचं म्हणणं, प्रत्येक बोटाची घडण वेगळी, तर त्याचा स्वभाव मोडू नका, वापरा. सुरुवातही तो पांढऱ्या पट्ट्यांवरून करत नसे. लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर आणि अंगठा व करंगळी पांढऱ्यांवर ठेवायला सांगे, कारण हात तिथे आपसूक बसतो.

शोपँ पॅरिसमध्ये असतानाच, १८४२ साली, त्याच शहरात आलेक्सांद्र दबँ यानं ‘हार्मोनियम’ या नावानं एका वाद्याचं पेटंट घेतलं. ते पायानं भाता चालवायचं वाद्य होतं. भारतात आल्यावर आपल्या भारतीय बैठकीसाठी हातभात्याची पेटी तयार झाली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांचं नाव त्यात अग्रभागी आहे. मात्र या सोयीची एक किंमत होती. डावा हात भात्याला गुंतला. धावायचं काम एकट्या उजव्या हातावर आलं.

दुसरी अडचण याहून मोठी. पट्टी दाबली की ठरलेला सूर. दोन सुरांमधली मींड नाही, श्रुतींचे बारकावे नाहीत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी श्रुतींची पेटी करून पाहिली, पण ती रुळली नाही. वादकांनी वेगळी वाट काढली. एक पट्टी सोडता सोडता दुसरी हलकेच दाबून मींडेचा भास, कणस्वरांचे स्पर्श, भात्याच्या दाबानं आवाजाची चढउतार. आणि जलद तानेत तर मींड लागतच नाही, तिथे सुटा सूर हेच भूषण. कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी (१८८१–१९५५) बहुतांशी कानावर भरवसा ठेवून ही पेटी साधली आणि तिला मैफलीत मान मिळवून दिला. १९११ च्या ‘मानापमान’च्या चाली त्यांच्याच.

आणि मग रेडिओनंच पेटीला दार बंद केलं. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीत सांभाळणारे इंग्रज संगीतकार जॉन फाउल्ड्स यांनी १९३८ मध्ये तिच्याविरुद्ध लेख लिहिला. जानेवारी १९४० मध्ये रवींद्रनाथांनीही कलकत्ता केंद्राला आपली नापसंती कळवली. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर पेटी बंद झाली. पुढे १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं बाळकृष्ण केसकर हे मराठी गृहस्थ नभोवाणी मंत्री होते. तेव्हाही बंदी उठली नाही. १९७१ च्या सुमारास ती सैल झाली, तीही आधी वरच्या श्रेणीच्या गायकांच्या साथीपुरती.

बंदी घालणाऱ्यांचे कान खोटे नव्हते, हेही सांगायला हवं. पेटीची उणीव खरीच आहे. पण दोष वाद्याचा होता आणि शिक्षा वाजवणाऱ्यांना झाली. ज्यांनी त्या उणिवेवर आयुष्य घासलं, त्यांचं काम एकतीस वर्षं रेडिओच्या श्रोत्यांपर्यंत गेलंच नाही. पेटी परकी, हा एक आक्षेप होता. माझ्या घरात उर्दू बोलली जाते आणि मी कविता मराठीत लिहितो. एखादी गोष्ट आपली होते ती रियाजानं, एवढं मला ठाऊक आहे. पी. मधुकरांचे शिष्य तुळशीदास बोरकर यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा मला आमचे मास्तर आठवले.

एका संध्याकाळी रेडिओवर खयाल चालला होता. मास्तरांनी हात वर करून माझा पलटा थांबवला. ते गाणं ऐकत नव्हते, मागची पेटी ऐकत होते. “आता येऊ देतात हिले आत,” एवढंच म्हणाले आणि मला पुन्हा ‘सारेग’ धरायला लावलं.

मास्तर आता नाहीत. पन्नाशी उलटल्यावर मी शोपँच्या त्या अभ्यासातली उजव्या हाताची पहिली ओळ पेटीवर बसवायला घेतली आहे. सहा महिने झाले. मूळ लयीच्या निम्म्यावर पोचलोय. अनामिका अजून अडते. ती अडली की मी शोपँला बाजूला ठेवतो आणि ‘सारेग, रेगम, गमप’ धरतो, बैलगाडीच्या चालीनं.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)