वही घेऊन आलेला माणूस

पुण्याहून नगरच्या रस्त्याने वाघोली ओलांडली की लोणीकंद येतं. तिथे मुद्दाम कुणी थांबत नाही; वाहतुकीने थांबवलं तरच. पण महाराष्ट्रात ‘गावाचा अभ्यास’ म्हणून आज जे काही चालतं, म्हणजे प्रश्नावल्या, कुटुंबवार तक्ते, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांची शिबिरं, विद्यापीठांतले प्रबंध, त्याची वंशावळ मांडायला बसलं तर मूळपुरुष याच गावात सापडतो. तो प्राध्यापक नव्हता. कंपनी सरकारचा डॉक्टर होता, नाव थॉमस कोट्स.

पेशवाई बुडून पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. १ जानेवारी १८१८ ची लढाई झाली ते कोरेगाव इथून हाकेच्या अंतरावर. अशा काळात हा गोरा डॉक्टर लोणीत येऊन जमिनीची प्रत, अवजारं, जेवणखाण, कपडालत्ता असं सगळं टिपून घेत होता. त्याचा निबंध फेब्रुवारी १८२० मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीत वाचला गेला आणि १८२३ मध्ये छापून आला. त्यातला एक आकडा पुढच्या दोनशे वर्षांच्या पाहण्यांना चिकटून राहिला: ८४ शेतकऱ्यांपैकी ७९ कर्जात.

कुणब्याला सावकाराच्या दारात इंग्रजांनी नेऊन बसवलं, असं आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. लोणीत तर इंग्रजी अंमलाची शाई वाळायची होती. म्हणजे कर्ज आधीचंच. बदललं ते वसुलीचं बळ. जुन्या व्यवस्थेत सावकाराला गावाशी जमवून घ्यावं लागे; पुढे कोर्टाचा हुकूमनामा हाती आला आणि त्याची नजर जमिनीवरच पडली. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या लोकांनी सावकारांची घरं गाठली ती मुख्यतः कर्जखतं जाळायला. म्हणजे कुणाच्या तरी वहीतला आपल्या नावाचा मजकूर पुसायला. सरकारने त्यावर आयोग नेमला, १८७९ मध्ये कायदा केला. आयोग म्हणजे अर्थात आणखी एक वही.

पुढे १९१५ आणि १९१७ या दोन वर्षांत दोन पुस्तकं आली. दोन्ही महाराष्ट्रातल्या खेड्याबद्दलची, पण एकमेकांची ओळख नसल्यासारखी. पहिलं त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’. आत्रे महसूल खात्यातले. त्यांच्या पुस्तकात तक्ते नाहीत, पण काळी (शेतजमीन) आणि पांढरी (गावठाण) आहे, वतनदार आणि बलुतेदार आहेत. आणि मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की, गावात राहत नसूनही गावावर जगणारे फिरस्ते आहेत. घरांची गणती करत फिरणाऱ्या पाहणीदाराच्या तावडीत ही माणसं सहसा सापडत नाहीत, कारण त्यांना घरक्रमांकच नसतो. आत्र्यांच्या मतांतली काही आज वाचवत नाहीत. गुन्हेगार ठरवलेल्या जातींबद्दलची तर नाहीतच. पण त्यांचा कान पक्का होता.

दुसरं पुस्तक हॅरॉल्ड मान यांचं. ग्रामीण समाजशास्त्राचा प्राध्यापक हे पदच आपल्याकडे नव्हतं, तेव्हा त्या पदाचं काम या रसायनशास्त्रज्ञाने केलं. मान आधी आसामात चहाच्या मळ्यांसाठी संशोधन करत होते. १९०७ मध्ये ते पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य झाले. त्याआधीच त्यांनी इंग्लंडमधल्या बेडफर्डशरच्या रिजमाउंट या खेड्याची पाहणी प्रसिद्ध केली होती. इंग्रज समाजसंशोधक राउंट्रीने यॉर्क शहरातली गरिबी घराघरांत जाऊन मोजली होती. मान यांनी तीच पद्धत खेड्याला लावली आणि मग ती पुण्याला आणली. म्हणजे आपल्या गावपाहणीच्या आजोळी एक इंग्रजी खेडं आहे. साम्राज्याच्या कारभारात असं क्वचितच घडतं, की मालकाच्या गावाला आणि रयतेच्या गावाला एकच फूटपट्टी लावली जाते.

त्यांनी निवडलेलं गाव पिंपळे सौदागर. आज तिथे गगनचुंबी सोसायट्या आहेत आणि जमिनीची भाषा चौरस फुटांची आहे. मान आणि सहस्रबुद्धे, कानिटकर ही त्यांची सहकारी मंडळी तिथे गेली तेव्हा ती एकर-गुंठ्यांची होती, आणि गुंठेही उरत नव्हते. जुन्या कागदांशी ताडून त्यांनी हिशेब काढला: १७७१ मध्ये खातेदाराची सरासरी जमीन ४० एकर, १८१८ मध्ये साडेसतरा, १९१४-१५ मध्ये ७. भावाभावांच्या वाटण्या कागदावर उतरल्या की कशा दिसतात ते या तीन आकड्यांत आहे. शेतीवर आणि बाहेरच्या मजुरीवर मिळून किती कुटुंबांचा मेळ बसतो, हेही त्यांनी मांडलं. जवळपास दोन तृतीयांश कुटुंबांचा तो बसत नव्हता. दुसरी पाहणी शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकची, १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेली. गाव जिराईत, आणि तिथला हिशेब आणखी वाईट.

मान पुढे मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक झाले आणि १९२७ मध्ये निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. जातेगावात त्यांच्याबरोबर राबलेल्या कानिटकरांचं कोरडवाहू शेतीवरचं पुस्तक १९४४ मध्ये आलं. गुरुशिष्यांच्या परंपरा आपण गाण्यात मोजतो. मातीतल्याही मोजायला हव्यात.

यानंतर पाहणीला संस्थेचं घर मिळालं. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, धनंजयराव गाडगीळ संचालक झाले, वाई तालुक्यातल्या शेतीच्या जमाखर्चाची पाहणी झाली. कोट्सचा कर्जाचा प्रश्न मग देशभर विचारला गेला. १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत ७५ जिल्ह्यांतली ६०० गावं होती, आणि गाडगीळ त्या समितीत होते. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा निघाला फक्त ३.१ टक्के. गाडगीळांचं वेगळेपण असं की वही मिटून ते घरी गेले नाहीत. प्रवरानगरच्या साखर कारखान्याचं अध्यक्षपद त्यांनी याच सुमारास सांभाळलं.

आणि लोणीकंद? तिकडे गोविंद सदाशिव घुर्ये वळले. मालवणचे, केंब्रिजला शिकलेले, १९२४ पासून मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख. इरावती कर्वे आणि एम. एन. श्रीनिवास त्यांचेच विद्यार्थी. ग्रंथांत रमणारा पंडित अशी त्यांची ख्याती, पण कोट्सच्या गावाची त्यांनी पुन्हा पाहणी केली आणि १९६० मध्ये पुस्तक काढलं. त्याच्या नावातच ‘सव्वाशे वर्षांनंतर’ आहे. (छापून येईपर्यंत ती १४० झाली होती. प्राध्यापकांच्या कामाला हे शोभतंच.) जगात फार थोड्या गावांच्या नशिबी अशी दोनदा मोजदाद आली असेल.

तोवर वही सरकारी झाली होती. २ ऑक्टोबर १९५२ ला सामुदायिक विकास योजना सुरू झाली, पहिल्या फेरीत ५५ प्रकल्प. गटविकास अधिकारी आला, ग्रामसेवक आला. पाहणीचा फॉर्म झाला आणि फॉर्मचं उद्दिष्ट झालं: इतके शोषखड्डे, इतके बैल, इतकी खतं. लोकांचा सहभाग या योजनेत दिसत नाही असं १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीनेच सांगितलं. महाराष्ट्रात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि फॉर्म भरून घेणारा साहेब बदलला. भरून देणारा तोच राहिला.

कोट्सपासून ग्रामसेवकापर्यंत एक गोष्ट कायम आहे. गावाने उत्तरं द्यायची आणि ती गावाबाहेर जायची. कोट्सचा निबंध मुंबईला गेला, मान यांचा ग्रंथ लंडनलाही वाचला गेला. लोणीकरांनी कोट्सचा निबंध वाचला असेल असं वाटत नाही.

ही दिशा उलटी झाली ती गडचिरोलीत. तिथल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात गावचेच देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने लोकांनी अभ्यासगट सुरू केले. बाहेरचा जाणकार त्यात बसतो, बोलतो. निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वांच्या संमतीने. जंगल किती, मध काढताना मोहोळ कसं वाचवायचं, हे प्रश्न गोंड माणसांनी स्वतःलाच विचारले. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी बांबू विकायचा तर वाहतुकीचा पास वनखात्याच्याच हातात. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, आणि पासांचं ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आलं.