पांढऱ्या कापडाची साक्ष

शनिवार पेठेत वाढलेल्या माणसाला एक खोड असते. इतिहास म्हटला की तो शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो, असे त्याला वाटते. मीही त्यातलाच. म्हणून शिक्षकांच्या खोलीत एकदा गोष्ट निघाली, की लग्नाच्या पहिल्या रात्री नवरीच्या अंथरुणावर पांढरे कापड घालून सकाळी त्यावरचा रक्ताचा डाग वडीलधाऱ्यांना दाखवण्याची चाल कुठे कुठे आहे, तेव्हा मी बेधडक बोलून गेलो, "मुसलमानांत असेल!"

मग पुस्तके चाळली आणि माझीच फजिती झाली. उत्तर आफ्रिकेतल्या कित्येक मुसलमान घरांतून ही चाल होती, हे खरे. पण कुराणात तिचा मागमूस नाही. उलट, शीलवती स्त्रीवर आळ घेऊन जो चार साक्षीदार आणू शकत नाही, त्यालाच तेथे ऐंशी फटके सांगितले आहेत. कापड सापडते ते त्याहून कितीतरी जुन्या यहुदी धर्मग्रंथात. मुलीचे आईबाप ते गावच्या वडिलांपुढे पसरतात. खूण नसेल तर मुलीला दगडांनी ठार मारायचे. म्हणजे कुराणाच्या आधीपासूनची ही चाल. पण तिचा ठपका बसला इस्लामवर.

आणि चाल बायकांच्या जिवावर उठते ती उठतेच. मार्च २०११ मध्ये कैरोच्या चौकातून पकडलेल्या स्त्रियांची अशी तपासणी खुद्द लष्कराने केली. समीरा इब्राहिम या तरुणीने फिर्याद नेली. डिसेंबरात कोर्टाने हा प्रकार थांबवण्याचा हुकूम दिला. ज्या लष्करी डॉक्टरवर खटला झाला, तो मात्र पुढच्याच वर्षी निर्दोष सुटला.

इतक्या लांब हिंडून आलो, तर तेच कापड आमच्या पेठेपासून चारपाच कोसांवर, पिंपरीत! तेही मुसलमानांत नव्हे, कंजारभाट समाजात. सकाळी जातपंचायतीपुढे नवऱ्याने सांगायचे, नवरी 'खरी' की 'खोटी'. जणू वाजवून घ्यायचे नाणे. तिला कोणी काही विचारीत नाही. त्याच समाजातले विवेक तमायचीकर आणि त्यांचे सोबती याविरुद्ध उभे राहिले. जानेवारी २०१८ मध्ये पिंपरीतल्या एका लग्नात त्यांच्यापैकी काही तरुणांनी मार खाल्ला, तो आपल्याच भाईबंदांच्या हातचा. पुढच्या वर्षी सरकारने जाहीर केले, की अशी परीक्षा लैंगिक अत्याचार धरला जाईल.

मुळात डाग काहीच सांगत नाही. कित्येकींना पहिल्या वेळी रक्त जातच नाही. अशा परीक्षेला शास्त्राचा आधार नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्ट सांगितले. पंच बिचारे अडाणी, असे म्हणून मी सुटणार होतो. पण 'कौमार्याची लक्षणे' हा धडा नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाने डॉक्टरांच्या अभ्यासक्रमातून काढायचे ठरवले ते २०१९ साली. तोवर आपली हुशार मुले तो पाठ करून परीक्षेला बसत होती.