गोट्टुवाद्यम (तिरुविडैमरुदूर परंपरा)

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात नावारूपाला आलेले, पडदे नसलेले तंतुवाद्य. आज ते चित्रवीणा म्हणूनही ओळखले जाते. वादक ते समोर आडवे ठेवतो, उजव्या हाताने तारा छेडतो आणि डाव्या हातातला गुळगुळीत ठोकळा तारांवरून सरकवतो. ठोकळा पूर्वी कठीण लाकडाचा असे, आता टेफ्लॉनचाही असतो. पडदा नसल्याने सूर कुठे अडत नाही, गमक थेट गळ्यातून निघाल्यासारखे येतात. मात्र स्वरस्थान केवळ कानाने राखावे लागते, म्हणून हे वाद्य साधणारे थोडेच. प्रचलित वाद्याला तरफांसह २१ तारा असतात. उत्तरेतील विचित्रवीणा वादनपद्धतीने याच्या सर्वांत जवळची.

तंजावरची गादी १७९८ मध्ये गेल्यावर अमरसिंह भोसले कुंभकोणमजवळच्या तिरुविडैमरुदूरला राहायला गेले आणि त्या गावी गाण्याबजावण्याला आश्रय मिळू लागला. तिथल्याच सखाराम राव या तंजावरी मराठी वादकाने विसाव्या शतकाच्या आरंभी गोट्टुवाद्यमला मैफलीत स्थान मिळवून दिले. गायक शेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर (१९०८–२००३) लहान वयात त्यांच्याकडे शिकले. म्हैसूर दरबारचे वादक नारायण अय्यंगार (१९०३–५९) हेही त्यांचेच शिष्य. चित्रवीणावादक रविकिरण हे अय्यंगारांचे नातू. तंजावरजवळच्या बुदलूरचे कृष्णमूर्ती शास्त्री (१८९४–१९७८) हे दुसरे थोर वादक, त्यांनी चेन्नईच्या कलाक्षेत्रात अध्यापन केले.

सखाराम रावांचा हात आज जाणवतो तो शिष्यांच्या ध्वनिमुद्रणांतून, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते शेम्मंगुडींच्या गळ्यातूनही. त्यांच्या आलापीत सूर जसा घसरत, वळत जातो, तो तारेवरचा संस्कार वाटतो. मैफलीबाहेरचे वादन इतरत्र जतन झाले आहे: पूर्व आफ्रिकेत संगीतसंशोधक ह्यू ट्रेसी यांनी १९५० च्या सुमारास गावोगाव फिरून तंतुवादकांना ध्वनिमुद्रित केले आणि १९५४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ध्वनिसंग्रह उभारला. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातले वादन मात्र जास्त करून तबकड्या आणि आकाशवाणीपुरते टिकले. गावातले, घरातले वादन फारसे कुणी टिपले नाही. ही मोठी हानी आहे.

चेन्नईच्या म्युझिक अकॅडमीत जुनी ध्वनिमुद्रणे ऐकता येतात. मानवसंगीतशास्त्राच्या (एथ्नोम्युझिकॉलॉजी) अभ्यासासाठी १९८२ मध्ये पुण्यात सुरू झालेले आणि आता गुरुग्रामला असलेले अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे संग्रहकेंद्रही अशी ध्वनिमुद्रणे जतन करते. तंजावरी मराठी घरांत जुन्या फिती वा तबकड्या असतील, तर त्या अशा संग्रहांकडे आताच नक्कल करण्यासाठी द्याव्यात. वादकाचे नाव, गाव आणि साल सोबत लिहून द्यावे.