मल्हार आणि अडलेल्या वाटा

आगगाडी येण्यापूर्वी आषाढ लागला की वाटा बंद होत. नद्यांना पूर येई, गाड्यांची चाकं चिखलात रुतत, व्यापाऱ्यांचे तांडे मुक्काम ठोकत. मराठ्यांच्या फौजा पावसाळा छावणीत काढत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून पुन्हा मोहिमेवर निघत. जो वेळेत घरी पोचला नाही, तो परमुलखातच अडके. मल्हाराच्या बंदिशींत ढग, वीज, मोर आणि पपीहा यांच्याबरोबर वाट पाहणारी स्त्री वारंवार का येते, याचं उत्तर या अडलेल्या वाटांत सापडतं. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला यक्षही आषाढातच ढगाकरवी निरोप धाडतो. त्याचा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचं रामटेक, असं परंपरा मानते.

संगीतशास्त्रातही ऋतू आणि राग यांची सांगड जुनी आहे. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात रागांना ऋतू आणि प्रहर नेमून दिलेले आढळतात. पुढे रागमाला चित्रांमध्ये मेघ राग काळ्या ढगांखाली नाचणाऱ्या कृष्णाच्या रूपात रंगवला गेला.

तानसेनाने दीपक गायला, त्याच्या अंगाचा दाह झाला आणि वडनगरच्या ताना-रीरी या बहिणींनी मल्हार गाऊन तो शमवला, ही कथा गुजरातेत आजही सांगतात. इतिहासाला ठाऊक आहे ते असं : १५६२ मध्ये तानसेन रेव्याच्या राजा रामचंद्राकडून अकबराकडे आला आणि ‘ऐन-ए-अकबरी’त अबुल फजलने दरबारी कलावंतांच्या यादीत त्याचं नाव सर्वांत वर घातलं. त्याच यादीत ग्वाल्हेरचे बाबा रामदासही आहेत. मियाँ की मल्हार तानसेनाचा आणि रामदासी मल्हार रामदासांचा, असं गवई पिढ्यान्‌पिढ्या मानत आले.

पाऊस या रागांच्या शब्दांत आहे, तसाच स्वरलगावातही आहे. मेघात गंधार आणि धैवत नाहीत. रिषभ-पंचमाची मींड आणि मंद्रातली गमक यांनी तो भरून येतो. मियाँ मल्हारात कोमल गंधार आंदोलित होतो आणि कोमल निषादाला खेटून शुद्ध निषाद येतो. मंद्र सप्तकात ही निषादांची जोडी धीम्या लयीत घोळवली की दाटून आल्याचा भास होतो. गौड मल्हारात शुद्ध गंधार लागतो आणि सगळा राग उजळतो.

ऋतूचा हा मान विष्णु नारायण भातखंडे यांनीही राखला. रागांच्या वेळांचा नियम त्यांनी काटेकोरपणे मांडला, मात्र ऋतुरागांना सवलत ठेवली : मल्हार एरवी रात्रीचा, पण पावसाळ्यात केव्हाही गावा.

दरबाराबाहेर मिर्झापूर आणि बनारसकडे श्रावण-भाद्रपदात कजरी गायली जाते. तिच्यातही घरधनी दूरच असतो. फक्त एका प्रसिद्ध कजरीत तो जहाजात बसून रंगूनला गेलेला असतो. वाटा बदलल्या, विरह तोच राहिला. बनारसच्या गिरिजादेवींनी कजरी हा प्रकार ख्याल-ठुमरीच्या मैफलीत मानाने बसवला.

कुमार गंधर्वांनी शास्त्र आणि लोक या दोन्ही धारा एकत्र आणल्या. क्षयाच्या आजारपणात ते देवासला राहिले आणि तिथे माळव्याची लोकगीतं त्यांच्या कानांत भरली. पुढे ‘गीतवर्षा’ या कार्यक्रमात त्यांनी मल्हाराचे प्रकार, स्वतःच्या बंदिशी आणि माळवी गीतं यांतून अवघा वर्षाऋतू मांडला. ही कल्पना महाराष्ट्रातल्या श्रोत्यांनी आपलीशी केली.

दरम्यान ध्वनिमुद्रणाने राग ऋतूच्या बंधनातून सोडवले. अमीर खाँसाहेबांचा मेघ आता भर उन्हाळ्यातही ऐकता येतो. १९७१ च्या ‘गुड्डी’मध्ये कोकणातल्या वसंत देसाईंनी मियाँ मल्हारात बांधलेलं, वाणी जयराम यांनी गायलेलं ‘बोले रे पपीहरा’ रेडिओवरून घरोघर बारमाही पोचलं. तरीही पुण्या-मुंबईत जुलै उजाडला की मल्हाराच्या मैफलींच्या जाहिराती लागतात, आणि गायक वर्षभर बाजूला ठेवलेल्या बंदिशी पुन्हा रियाजाला घेतात.