युद्धखेळातील गोळीबाराची मांडणी

युद्धखेळातील गोळीबाराची मांडणी : शिसे, कथील किंवा प्लॅस्टिकच्या लघुसैनिकांची पलटण टेबलावर अशी उभी करणे, की त्या काळचे शिपाई किती रांगांत राहत, कोणत्या क्रमाने फैर झाडत आणि एका वेळी किती बंदुका भरलेल्या असत, हे पाहताक्षणी कळावे. ठासणीच्या बंदुकांचा काळ (सु. १५९० ते १८५०) हे तिचे मुख्य क्षेत्र होय.

ऐतिहासिक आधार : सरावलेला शिपाईही चकमकीच्या बंदुकीतून मिनिटाला दोन-तीनच बार काढू शके. ही उणीव रांगांच्या रचनेने भरून काढली जाई. नासाऊच्या विल्यम लुईने ८ डिसेंबर १५९४ रोजी चुलतभाऊ मॉरिस यास लिहिलेल्या पत्रात, रोमन कवायतीवरून सुचलेली युक्ती आकृतीसह दिली आहे : पुढच्या रांगेने बार काढून मागे जायचे, बंदूक भरायची आणि पाळी येईल तसे पुढे सरकायचे. स्वीडनच्या गुस्ताव्ह अडॉल्फच्या सैन्यात तीन रांगा एकदम फैर झाडीत. पहिली गुडघे टेकून, दुसरी वाकून, तिसरी उभी राहून. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश पलटणीचे १८ प्लॅटून करून ते तीन गटांत वाटत. एका गटाचे प्लॅटून शेजारीशेजारी नसून सर्व आघाडीभर विखुरलेले असल्याने फैर झडल्यावरही प्रत्येक भागात भरलेल्या बंदुका शिल्लक राहत. हा क्रम ऐन लढाईत किती वेळ टिके, याबद्दल मतभेद आहेत. नेपोलियनच्या युद्धांत ब्रिटिश पायदळ सामान्यतः दोन रांगांत, तर फ्रेंच पायदळ नियमानुसार तीन रांगांत लढे.

प्रमाण : मांडणीचा खरेपणा आघाडीच्या रुंदीवर ठरतो. ६०० शिपायांच्या पलटणीत माणशी सु. ५५ सेंमी. जागा धरल्यास तीन रांगांची आघाडी ११० मी., दोन रांगांची १६५ मी. भरते. १ मिमी. = १ मी. हे प्रमाण घेतल्यास टेबलावर अनुक्रमे ११० व १६५ मिमी. मिळतात. दोन रांगांच्या पलटणीत प्रत्येक बंदूक शत्रूवर रोखता येते. तीन रांगांत तिसरीचा मारा अडखळतो. हा भेद रुंदीच्या फरकातून दिसलाच पाहिजे. खोली मात्र खरी ठेवता येत नाही. तीन रांगांची प्रत्यक्ष खोली तीन-चार मीटर, म्हणजे टेबलावर तेवढेच मिलिमीटर भरते, पण २८ मिमी. उंचीच्या सैनिकाची बैठकच १५ ते २० मिमी. खोल असते. म्हणून १ : २० प्रमाणातील (एक लघुसैनिक = २० शिपाई) ३० सैनिक ही रांगांची मोजणी नसून आघाडीची खूण आहे, असे समजावे.

मांडणीची पद्धत : पवित्र्यांची निवड सर्वांत बोलकी ठरते. प्लॅटूनवार मारा दाखवताना एका बैठकीवर नेम धरलेले, शेजारच्या बैठकीवर गजाने बार ठासणारे आणि त्यापलीकडे बंदूक सज्ज धरलेले सैनिक ठेवतात. झडलेल्या फैरीची खूण म्हणून नळीपुढे कापसाचा धूर ठेवण्याची रीत आहे. विखरून लढणारे शिपाई (ब्रिटिश ९५ वी रायफल पलटण इत्यादी) जोडीजोडीने लढत. एक बार काढी तेव्हा दुसऱ्याची बंदूक भरलेली असे. त्यांना सुट्या बैठकींवर जोडीनेच उभे करावे.

खेळाचा विकास : प्रशियातील राइसविट्झ पितापुत्रांच्या क्रीगश्पीलमध्ये (१८१२, १८२४) सैनिकांऐवजी नकाशाच्या प्रमाणातील ठोकळे होते. एच. जी. वेल्सच्या ‘लिटल वॉर्स’मध्ये (१९१३) स्प्रिंगच्या तोफेने खरोखर मारा करीत, पायदळाच्या फैरींना तेथे स्थान नाही. डॉनल्ड फेदरस्टोन (१९६२) व चार्ल्स ग्रँट (१९७१) यांच्या ग्रंथांनी फाशांवर आधारलेला पायदळाचा गोळीबार रूढ केला.

भारतीय लढाया : पानिपत (१७६१) येथील इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी आणि असईच्या लढाईतील (२३ सप्टेंबर १८०३) शिंद्यांचे कवायती कंपू या पद्धतीने मांडता येतात.