हवेच्या काट्याची कुळकथा

चाकाची पारख करण्याची रीत हवेच्या टायरपेक्षा जुनी आहे. बागलाणात, म्हणजे सटाणा परिसरात, मोटार येण्यापूर्वी मालाची ने-आण बैलगाडीने होत असे. त्या गाडीच्या लाकडी चाकावर लोहाराने तापवून चढवलेली लोखंडी पट्टी, जिला धाव म्हणतात, ती उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसले की सैल पडे आणि म्हणून लांबच्या वाटेला लागण्यापूर्वी चाके भिजवून घेतली जात. आज सटाण्यातला चालक प्रवासाआधी टायरला टाच मारून पाहतो किंवा मालट्रकचा क्लीनर टॉमीने, म्हणजे टायर उतरवण्याच्या लोखंडी दांड्याने, एकेका चाकावर ठोका देतो, तेव्हा तो याच पारखीचा वारसा चालवत असतो. मात्र ज्या चाकाची तो परीक्षा घेतो त्याचे अंतरंग मधल्या काळात दोनदा बदलले असून दुसऱ्या बदलानंतर ही परीक्षा बहुतांशी निरुपयोगी ठरली आहे.

पहिला बदल हवेचा होता. स्कॉटिश अभियंता रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ साली हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले, पण ते व्यवहारात रुजले नाही. पुढे बेलफास्टचा पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी १८८७ साली रबरी नळीत हवा कोंडून तीच कल्पना नव्याने शोधली, तेव्हा थॉमसनचे नाव इतके विसरले गेले होते की डनलॉपलाही १८८८ साली पेटंट मिळाले, आणि जुना दाखला उजेडात आल्यावर ते टिकले नाही. मिशेलिन बंधूंनी १८९५ च्या पॅरिस-बोर्दो शर्यतीत हवेचे टायर मोटारीला लावून दाखवले. या साऱ्या खटाटोपाचा हेतू धक्के कमी करण्याचा होता. परंतु परिणाम असा झाला की गाडीचा भार रबराकडून हवेकडे गेला. सुमारे १,२०० किलो वजनाच्या मोटारीत टायरमधला दाब ३३ पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलो असेल, तर प्रत्येक चाक जमिनीला जेमतेम १३० चौरस सेंटिमीटर, म्हणजे पसरलेल्या पंजाएवढे टेकते. दाब घटला की ही जागा वाढते, टायरची कूस (बाजूची भिंत) प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, आणि त्या वाकण्यातून निर्माण होणारी उष्णता टायरचे थर एकमेकांपासून सुटे करते.

हवा आली तरी ती मोजण्याचे साधन मागाहून आले. न्यूयॉर्कच्या श्रेडर कंपनीच्या झडपेचे, जिला गॅरेजात सरसकट ‘व्हॉल्व्ह’ म्हणतात, पेटंट १८९३ चे. तर त्याच कंपनीचा खिशात मावणारा दाबमापक, म्हणजे हवेचा काटा, बाजारात यायला विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाचा शेवट उजाडला. तोवर अंगठा, डोळा आणि टाच हीच मापे होती, आणि काटा आल्यावरही ती गेली नाहीत, कारण त्या काळच्या टायरवर ती बऱ्यापैकी चालत. त्या टायरमधले धागे एकमेकांना तिरपे छेदत जाणारे असत. आपल्याकडे दुकानदार अशा टायरला अजूनही ‘नायलॉन’ म्हणतात. अशा टायरची कूस ताठ असल्याने हवा कमी झाली की बसलेले चाक डोळ्यांना दिसे आणि ठोक्याचा आवाज बदलत असे. ट्रकच्या मागच्या जोडचाकांतले आतले चाक बसले आहे का, हे ओळखायला टॉमीचा ठोका आजही उपयोगी पडतो, हे मान्य केले पाहिजे.

दुसरा बदल रेडियल टायरचा. मिशेलिनने १९४६ साली पेटंट घेतलेल्या या रचनेत धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवे जातात आणि जमिनीला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी पट्टे असतात. भारतात जेके टायरने १९७७ साली रेडियल टायर आणला आणि पुढे मोटारींत तोच रूढ झाला. रेडियलची कूस मऊ असल्यामुळे योग्य हवेतही ती खाली थोडी फुगलेलीच दिसते. परिणामी ३३ आणि २५ पीएसआय यांतला फरक डोळ्याला कळत नाही आणि टाचेलाही कळत नाही. टायर बदलला, पण पारख तीच राहिली. पंपावरची हवा फुकट मिळते, आणि फुकटाची मोजदाद करायला सहसा कोणी थांबत नाही, हेही त्याचे एक कारण असावे.

याच जुन्या पारखीच्या जोडीने एक समज टिकून आहे, तो म्हणजे उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटेल. वरवर तो तर्कशुद्ध वाटतो, कारण तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की मोटारीच्या टायरमधला दाब सुमारे दीड पीएसआयने वाढतोच. पण उत्पादकाने दिलेला आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी तीनेक तास उभी असतानाचा, आणि चालताना होणारी वाढ त्यात आधीच गृहीत धरलेली असते. तापलेल्या टायरमधून हवा सोडणारा माणूस कूस अधिक वाकवतो आणि टायर अधिकच तापवतो. अमेरिकेत २००० साली टायर निकामी होऊन झालेल्या अपघातांमुळे फायरस्टोन कंपनीचे सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले गेले, त्या प्रकरणातल्या वादाचा एक मुद्दा फोर्ड कंपनीने एक्सप्लोरर गाडीसाठी सुचवलेला २६ पीएसआयचा कमी दाब हाच होता. त्या अपघातांनंतर तिथे दाब घटल्याचा इशारा देणारी यंत्रणा नव्या गाड्यांना सक्तीची झाली. भारतात २०२० च्या नियमदुरुस्तीने अशी यंत्रणा, ट्यूबलेस टायर आणि दुरुस्तीचा संच असलेल्या लहान गाड्यांना स्टेपनी न बाळगण्याची मुभा दिली.

झिजेची कथा तुलनेने थोडक्यात सांगता येते. सुरुवातीचे टायर गुळगुळीतच होते. नक्षी पुढे आली, आणि १९०८ च्या फायरस्टोन टायरवर तर ‘नॉन-स्किड’ ही अक्षरेच नक्षी म्हणून उठवलेली होती. चरांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीचे आडवे उंचवटे ओतण्याची सक्ती अमेरिकेत १९६८ पासून झाली. भारतातही केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ मोटारींसाठी हीच मर्यादा मानतो. नक्षी उंचवट्याच्या पातळीला आली की टायर ‘गोटा’ झाला. झीज दाबाचा जमाखर्चही मांडते: दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी होती, मधला पट्टा झिजला तर जास्त, आणि एकच कड झिजली तर दोष हवेचा नसून चाकांच्या अलाइनमेंटचा. समृद्धी महामार्गावर परिवहन विभागाने २०२३ मध्ये झिजलेल्या टायरांची तपासणी सुरू केली.

सटाण्यात या साऱ्याला वेगळे वजन येते. कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या तालुक्यांत, उन्हाळ कांदा नेमका पारा चाळिशीकडे जाताना बाजार समितीकडे निघतो, आणि विंचूर-प्रकाशा महामार्गावर भरलेली पिकअप आणि कुटुंबाची मोटार शेजारी शेजारी धावतात. पहाटे गाडी हलवण्यापूर्वी, स्वतःच्या काट्याने, स्टेपनीसह पाचही चाकांची हवा पाहणे हीच इथली योग्य रीत होय. चालकाच्या दारापाशी चिकटवलेल्या तक्त्यात भरलेल्या गाडीसाठी अनेकदा वेगळा, जास्तीचा आकडा दिलेला असतो, आणि कांद्याच्या हंगामात तोच पाळायचा असतो.