अपूर्णांकांची बेरीज गुंठ्यांच्या चौकटीत

अपूर्णांकांची बेरीज शिकताना मुलांकडून एक चूक हमखास होते. १/४ आणि १/५ यांची बेरीज विचारली, की अंशात अंश व छेदात छेद मिळवून ती २/९ असे उत्तर लिहितात. अशा वेळी नियम पुन्हा घोकून घेण्यापेक्षा आकृती काढून दाखविणे अधिक परिणामकारक ठरते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांत त्यासाठीचे साधन घरचेच आहे. एका एकराचे गुंठे ४०, हे मुलांच्या कानावर नेहमीच पडत असते.

चौकटीच्या कागदावर ४ ओळी व प्रत्येक ओळीत १० घरे आखावीत. संपूर्ण आकृती म्हणजे एक एकर. एक घर म्हणजे एक गुंठा. (प्रत्यक्षातील गुंठा १,०८९ चौरस फुटांचा असतो.) पाव एकरात कांदा आहे असे मानून एक आडवी ओळ रंगवावी. ती १० घरे झाली. १/५ एकरात लसूणघास आहे, म्हणून दोन उभे स्तंभ दुसऱ्या रंगाने रंगवावेत. ती ८ घरे. मात्र यांतील दोन घरांवर दोन्ही रंग चढतात, आणि पालकांचा गोंधळ बहुधा येथेच होतो. एकाच गुंठ्यात दोन्ही पिके मोजता येणार नाहीत. तेव्हा घासाची ती दोन घरे रिकाम्या जागी हलवावीत. (दुहेरी रंगाची हीच घरे पुढे गुणाकार शिकविताना कामी येतात. पावाचा पंचमांश म्हणजे ४० पैकी २, अर्थात १/२०.)

आता रंगीत घरे १८ झाली. बेरीज १८/४०, म्हणजेच ९/२०. मुलाचे २/९ हे उत्तर मात्र एकराच्या हिशेबाने नऊ गुंठ्यांहूनही कमी भरते. नुसता कांदाच दहा गुंठे असताना दोन्ही पिके मिळून नऊ गुंठे कशी होतील, हा प्रश्न मुलालाच विचारावा.

पाव व पंचमांश हे निरनिराळ्या आकाराचे तुकडे असल्याने त्यांची सरळ मोजणी करता येत नाही. दोहोंचे गुंठे केले, की मोजता येते. समच्छेद करणे ते हेच. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या 'लीलावती'तही हीच रीत आहे.

अर्धा आणि पाव मिळून पाऊण, एवढे भाकरीवरही दाखविता येते. तृतीयांश किंवा पंचमांश करताना मात्र गोल भाकरीचे तुकडे सारखे होत नाहीत. त्यासाठी आयतच बरा. १/२ व १/३ यांच्यासाठी गुंठ्यांची चौकट चालत नाही, कारण ४० ला ३ ने भाग जात नाही. तेथे २ ओळी व ३ स्तंभ पुरतात. अर्ध्याची ३ घरे व तृतीयांशाची २, मिळून ५/६.

१/४ व १/६ यांच्यासाठी मूल ४ गुणिले ६, अशी २४ घरे आखील. ती आखू द्यावीत. मग याहून कमी घरांत काम होईल का, असे विचारावे. १२ घरांत पावाची ३ व षष्ठांशाची २ घरे बसतात आणि बेरीज ५/१२ येते. लसावि हा शब्द त्यानंतर सांगावा.